ब्लेसचा आकडा

डिक्समाउदेच्या पलीकडे, नदीकाठच्या सखल कुरणात
पहाटे पाचला गोठ्याचा दिवा लागतो.
गोमार कासेवरून ओलं फडकं फिरवतो,
मी शेजारी उकिडवी, हातात चार कुप्या :
डावा पुढचा, उजवा पुढचा, डावा मागचा, उजवा मागचा.
पहिली धार जमिनीवर, दुसरी कुपीत.
बोटं बधिर. दूध तेवढं ऊन.

महिन्यातून एकदा, अशा शंभर गोठ्यांतून
मी एवढंच विचारत फिरते :
कुठला सड किती दिवस निरोगी राहिला.

कागदावर चार सड म्हणजे चार ओळी.
पण चौघांत रक्त एकच,
बसणं एकाच ओल्या पेंढ्यात,
एक सुजला की बाकीच्यांचं काही खरं नाही.
म्हणून प्रत्येक गाईच्या नावे आम्ही एक आकडा धरतो
जो दिसत नाही, कुठल्या कुपीत उतरत नाही,
नुसता धोक्याला गुणत राहतो.
सरासरी एक.
दोन असला तर चारही सडांवर दुप्पट सावट,
अर्धा असला तर निम्मं.
शून्य कुणालाच मिळत नाही.

गेंटला आम्ही त्याला नाजूकपणा म्हणतो.
गोमारने विचारलं, म्हणजे गाईचा वाण?
तेवढंच नाही.
मग नशीब?
नशीबही नाही. जे जे आम्ही मोजलं नाही, ते सगळं.
तो हसला :
एवढं सगळं, आणि एका आकड्यात मावतं?

दुसऱ्या एका पहाटे तो म्हणाला,
पाचव्या वेतापर्यंत टिकली की गाय काटक होते बघ.
मी म्हणाले, होत नसेल.
ज्या काटक नव्हत्या त्या आधीच ट्रकमध्ये चढल्या.
नाजूक तेवढ्या निघून जातात
आणि उरलेल्यांकडे बघत आपण
वयाला शाबासकी देतो.
बराच वेळ नुसतं यंत्र फुसफुसत राहिलं.

जानेवारीत ब्लेस गेली.
पहिलटकरीण, कपाळावर पांढरा पट्टा.
बर्फावर घसरली, पाय मोडला.
नोंदीत तिचे बारा दिवस
आणि चार सडांपुढे चार शून्यं :
तोवर काही झालं नव्हतं, एवढाच त्यांचा अर्थ.
संगणकाने तिचा आकडा काढला : शून्य पूर्णांक नव्याण्णव.

म्हणजे ती साधारण होती? गोमारने विचारलं.
नाही.
म्हणजे ती कशी होती हे कळायच्या आत ती गेली,
आणि जिच्याविषयी काही कळत नाही
तिला गणित सरासरीजवळ बसवतं.

त्या दिवशी त्याने मला स्वयंपाकघरात नेलं.
किटलीवर कॉफी. भिंतीवर एक फोटो,
चार भावंडं, उन्हाने डोळे बारीक केलेली.
दोघी बहिणी नव्वदीला टेकून गेल्या,
इथेच, चर्चमागे.
आणि हा ओदिल.
बाविसाव्या वर्षी अँटवर्पहून बोटीत चढला, कॅनडाला.
एक पत्र आलं. पोचलो, थंडी फार, काम आहे.
पुढे काही नाही. पंचावन्न वर्षं.

याचा आकडा काय, गोमार म्हणाला. एकच ना?
ब्लेससारखा?

मी कप खाली ठेवला.
आमच्या रीतीत अशा माणसाला मेलेला धरत नाहीत.
शेवटचं पत्र टाकलं तेव्हा तो जिवंत होता,
तिथे ओळ उघडी सोडतात.
आणि आकडा त्याचा एकट्याचा नाही.
चार सड, चार भावंडं, तेच.
बहिणींनी तो बराच खाली आणलाय.
तू जितक्या पहाटे उठशील
तितका त्याचाही उतरत जाईल.

गोमारने फोटोकडे पाहिलं नाही.
खिडकीबाहेर धुकं, तारेचं कुंपण,
रांगेत उभ्या बत्तीस गाई.
त्याने किटली परत चुलीवर ठेवली,
रबरी बूट चढवले,
आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी
जरा घाईनेच
गोठ्याकडे निघाला.